गट की नायलॉन? डबल बासच्या तारांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की स्लॅप (तार ओढून लाकडावर आपटायची पद्धत) वाजवायचं असेल तर स्टीलच्या तारा उतरवा आणि गट (प्राण्याच्या आतड्याची तार) नाहीतर नायलॉन चढवा. त्या एका वाक्यावर आलेले प्रश्न बघून वाटलं, लोक डबल बास, म्हणजे तो व्हायोलिनच्या घराण्यातला माणसाएवढा उंच बास, वाजवतात तरी बरेच, फक्त एकमेकांना माहीत नसतात. म्हणून या वेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला, फक्त तारा.

प्रश्न: काका, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. आमचा तिघांचा बँड आहे, रॉकाबिली (जुनं अमेरिकन रॉक-अँड-रोल) वाजवतो, ड्रमर नाहीये. सेकंडहँड प्लायवूडचा बास घेतलाय, थ्री-फोर्थ साइजचा, त्यावर आधीच्या मालकाच्या स्टीलच्या तारा आहेत. अर्धा तास स्लॅप केलं की बोटांना फोड येतात आणि आवाज 'टण्ण' येतो, जुन्या रेकॉर्डवर येतो तसा 'ठप्प' येतच नाही. गट घेऊ की नायलॉन? बजेट विचारू नका.

ड्रमर नाहीये हे तू लिहिलंस ते बरं केलंस, कारण सगळी गंमत तिथेच आहे. जुलै 1954 मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विसची पहिली सिंगल रेकॉर्ड झाली तेव्हा खोलीत तिघंच वाजवत होते, एल्विस स्वतः, गिटारवर स्कॉटी मूर आणि बासवर बिल ब्लॅक. ड्रम नाहीच. तार ओढून सोडायची, ती फिंगरबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या लाकडी पट्टीवर, आपटते, मग तळव्याने थाप, म्हणजे स्नेअर ड्रमचं काम पण बासवालाच करतोय. ही युक्ती त्यांची नव्हे हं, न्यू ऑर्लिन्सच्या पॉप्स फॉस्टरसारख्या लोकांनी ती कितीतरी आधी वापरली, आणि त्या सगळ्यांच्या बासवर आतड्याची तार होती कारण दुसरी काही मिळतच नव्हती. स्टीलच्या तारा डबल बासवर खऱ्या अर्थाने पसरल्या त्या पन्नास-साठच्या दशकात.

आता स्टीलवर तो 'ठप्प' का येत नाही ते बघ. स्टील जड, गटपेक्षा जवळजवळ सहापट घन, त्यामुळे त्याच सुरासाठी बारीक तार पुरते आणि ती चांगलीच ताणावी लागते. बासच्या चार तारा, उंच सुराकडून खाली जी, डी, ए, ई; त्यातल्या एकट्या जी वर 28-30 किलोचा ताण सहज असतो. अशी तार ओढणं म्हणजे कपडे वाळत घालायची लोखंडी तार ओढणं, बोट कापतं आणि ती दोन मिलिमीटर हलून परत जागेवर. गटची किंवा साध्या नायलॉनची जी दोन-सव्वादोन मिलिमीटर जाड असते आणि ताण वीस-बावीस किलोच्या आसपास. बोटाला भरपूर पकडायला मिळतं, लांब ओढली जाते, आणि सोडली की रुंद पट्टीसारखी लाकडावर बसते. शिवाय स्टील वाजत राहतं, गट पटकन विझते. स्लॅपला पटकन विझणारीच पाहिजे, नाहीतर एका ठोक्यात दुसरा मिसळतो आणि सगळा गाळ होतो.

मग दोघांतलं कुठलं? तुला मी सरळ सांगतो, नायलॉन, आणि तेही फक्त वरच्या दोन तारांना, म्हणजे जी आणि डी. खाली ए आणि ई सध्या आहेत त्याच स्टीलच्या राहू देत. हे काही गरिबीचं जुगाड नाही, चार्ली हेडनसारखा जॅझचा नामवंत बासवाला वर गट आणि खाली स्टील असंच मिश्रण लावायचा. अख्खा गटचा सेट मागवायचा तर तीनशे डॉलरच्या वर जातो, त्यावर कुरिअर आणि कस्टम, आणि स्लॅपवाला गटच्या जी चा सहा-आठ महिन्यांत भुसा करतो. वर्षभर नायलॉनवर हात बसव. मग कधी कुणाच्या बासवर गट वाजवून बघ, फरक कळेल. नायलॉनचा 'ठप्प' चांगला येतो पण त्यामागचा सूर जरा फुगीर असतो, कडा नसतात त्याला, विशेषतः डी वर. गटमध्ये ठोका पण असतो आणि त्याच्या पोटात खरखरीत सूर पण. पण हा फरक ऐकू यायला आधी आपला ठोका तालात पडावा लागतो, आणि माझा पहिली दोन वर्षं पडत नव्हता.

आणि एक गोष्ट जी तारांच्या पाकिटावर कुणी लिहीत नाही: तार बदलली की बास बदलतो. नटच्या (फिंगरबोर्डच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा स्टीलच्या मापाने कोरलेल्या असतात, जाड तार त्यात बसत नाही, वर तरंगते किंवा चिमटीत अडकते आणि मग सूर लावताना टक-टक करत झटक्याने सरकते. ब्रिजच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या घोडीच्या, खाचांचं तेच. त्या गोल कानशीने रुंद करून घ्यायच्या, खोल नाही, रुंद. तारेची निम्मी जाडी आत बसली की पुरे. मग खाचेत साध्या पेन्सिलचं शिसं घासायचं. सैल तार जास्त झुलते म्हणून उंचीही वाढवावी लागते, स्टीलला फिंगरबोर्डच्या टोकाशी जी पाच-सहा मिमी उंच असेल तर इथे आठ-एक लागेल. ब्रिजच्या पायात अ‍ॅडजस्टरच्या चकत्या असतील तर दोन मिनिटांचं काम, नसतील तर रिपेअरवाल्याकडे जा.

तारा एकेक करूनच बदल. हे मी हात जोडून सांगतोय. मी माझ्या पहिल्या बासवर उत्साहात चारही तारा एकदम सोडल्या, ब्रिज कार्पेटवर पडला त्याचं काही नाही, पण आतून 'टक' असा आवाज आला तो साउंडपोस्टचा. ती दांडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच वरच्या आणि खालच्या पाटीमध्ये उभी असते. परत उभी करायला माणूस मिळेपर्यंत तीन आठवडे बास कोपऱ्यात, आणि घरी पाहुणे आले की विचारायचे हे कपाट कसलं.

प्रश्न: दापोलीत आमच्या बागेत ग्रास कटरला जी नायलॉनची दोरी लागते तीच बासला लावतात असं कुणीतरी सांगितलं. चेष्टा होती का?

अजिबात नाही. अमेरिकेत रॉकाबिलीवाले लॉनचं गवत कापायच्या मशीनची दोरी सर्रास लावतात, इतकी की नंतर तिच्यासारख्या तारा तयार पाकिटात विकायला आल्या. पण दुकानात जाऊन 'द्या कुठलीही' म्हणू नका. चौकोनी, चांदणीच्या आकाराची, पीळ दिलेली अशा पण दोऱ्या मिळतात, त्या गवतासाठी बऱ्या, बोटांसाठी नाही. गुळगुळीत गोलच घ्यायची.

जाडीचा हिशोब मी एकदा वहीत मांडला होता तो देतो, भौतिकशास्त्र बारावीपर्यंतचंच आहे. तारेची वाजणारी लांबी 106 सेंटिमीटर धरा, नायलॉनची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, 1.14. जी म्हणजे 98 हर्ट्झ. 2.4 मिमीची दोरी लावली तर ताण येतो साधारण 22-23 किलो, म्हणजे मस्त. डी 73.4 हर्ट्झ, तिला 3 मिमीची दोरी घेतली तर वीस किलोच्या आसपास, चालतंय. 2.4 आणि 3 ही दोन्ही मापं ग्रास कटरच्या दुकानात असतात, योगायोग म्हणा. आता ई, 41.2 हर्ट्झ. तिथे वीस किलोचा ताण हवा असेल तर दोरी लागते पाच मिमीच्याही वर! म्हणजे बैलाचं दावं झालं ते, नटमध्ये बसणार नाही, वाजवलं तर सूर नाही नुसतं 'भोंक'. म्हणूनच खालच्या तारांना गाभ्यावर धातूचं किंवा कशाचं तरी वेटोळं देऊन वजन वाढवतात. गटचंही तेच आहे, ती थोडी जड म्हणून आकडा पाचवर येतो इतकंच. थोडक्यात ग्रास कटर जी आणि डी पर्यंत, ए ला हौस म्हणून, ई ला विसरा.

लावताना एका तारेला दोन मीटर कापा, टेलपीसच्या (तारांची खालची टोकं अडकवतात त्या तुकड्याच्या) मागे नीट गाठ मारा आणि गाठीचं टोक लायटरने किंचित वितळवून घ्या म्हणजे सरकणार नाही. पेगवर (खुंटीवर) गुंडाळायच्या आधी हाताने खच्चून ओढा. नायलॉन आठवडाभर ताणतच राहतं, तुम्ही सूर लावता, चहा पिऊन येता, ती खाली गेलेली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हा प्रयोग केलात तर मला शिव्या घालू नका.

प्रश्न: मडगावला आमच्या चर्चच्या क्वायरबरोबर मी बास वाजवतो, बहुतेक वेळ बो नेच (गजाने). जुना बास आहे, आजोबांच्या काळचा, तेव्हा त्यावर गट होती असं घरात सांगतात. परत गट लावावी असं वाटतंय, की नायलॉन घेऊ?

बो हे वाचलं आणि माझं उत्तर उलटं झालं. वर त्या मुलाला जे सांगितलं त्यातलं काहीही तुम्ही करू नका. साधं गुळगुळीत नायलॉन बो खाली निसरडं होतं, रोझिन (बो च्या केसांना लावायची राळ) धरत नाही, केस नुसते घसरतात आणि सूर पकडायच्या आधी शिट्टी येते. तुमच्यासाठी साधं नायलॉन बादच.

इथे एक घोळ दूर करतो, कारण दुकानात 'नायलॉन' या एका शब्दाखाली तीन निरनिराळे प्रकार विकतात. एक म्हणजे वर सांगितलेली नुसती सळसळीत दोरी. दुसरा, ज्यात वरून काळी नायलॉनची पट्टी गुंडाळलेली असते, हाताला मऊ लागते, पण काहींच्या आत चक्क स्टीलचा गाभा असतो, म्हणजे ताण स्टीलसारखाच. हीसुद्धा बोटांनी वाजवायला, बो ला नाही. तिसरा प्रकार, गाभा सिंथेटिक, नायलॉनसारख्याच धाग्यांचा, आणि वर धातूचं गुळगुळीत वेटोळं. पिरास्ट्रो कंपनीची ऑब्लिगाटो या जातीची. ही बो ला छान बोलते, गटच्या उबेच्या जवळ जाते आणि हवामानाचे फार नखरे नाहीत. तुम्हाला मी हीच सुचवेन, कंटाळवाणं उत्तर आहे पण क्वायरला दर रविवारी सूर लागतो.

आता आजोबांची गट. गटवर बो फार सुंदर लागते, सुरुवातीला 'क्र' असा एक दाणा येतो आणि मग सूर उघडतो, मानवी घशासारखा. पण गट पाणी पिते. आतडंच ते. नायलॉनही थोडं पितं पण गटच्या मानाने काहीच नाही. तुमच्याकडे जूनपासून चार महिने हवा ओल्या टॉवेलसारखी असते, तेव्हा गट फुगते आणि पहिल्या स्तोत्रापासून शेवटच्यापर्यंत सूर भटकतो. त्यात बासची वरची पाटी पण दमटपणाने फुगून वर येते, म्हणजे तारांची उंची आपोआप वाढते, डाव्या हाताचे हाल. आजोबांच्या पिढीने हे सगळं सांभाळलंच की, मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बासवर बरेच जण गोव्याकडचेच असायचे. पण त्यांचं ते रोजचं काम होतं, सकाळी तार लावायची आणि दिवसभर तिच्याशी बोलत राहायचं. आठवड्यातून एकदा बास उघडणाऱ्याने गटच्या वाट्याला जाऊ नये असं माझं मत.

पण बास जुना आहे म्हणता, तर एक करा. कुठल्याही तारा चढवण्याआधी तो जाणकाराला दाखवा. गटच्या काळात घडवलेल्या बासच्या पोटावर तेव्हा कमी दाब असायचा, आणि स्टीलचा चौघींचा मिळून ताण सव्वाशे किलोच्या घरात जातो. वरच्या पाटीला साउंडपोस्टजवळ बारीक तडा असेल तर तो आधी बुजवायचा. सिंथेटिकमध्ये कमी ताणाच्या तारा मिळतात, त्या बघा.

आणि रोझिन मे महिन्यात गाडीत ठेवू नका. बासचं रोझिन मुळात मऊ असतं. माझं डबीतून वाहून एका चांगल्या शर्टात मुरलंय, तो शर्ट आता बो पुसायला आहे.

प्रश्न: दादा, मी ठाण्याची, कॉलेजमध्ये जॅझ ग्रुपमध्ये बास शिकतेय. आमचं घर कट्टर शाकाहारी आहे. गट म्हणजे मांजराचं आतडं असतं असं पप्पांनी वाचलं आणि म्हणाले ही वस्तू घरात येणार नाही. खरंच मांजराचं असतं का?

मांजराचं नाही गं. इंग्रजीतल्या 'कॅटगट' या शब्दामुळे जगभर हा गैरसमज आहे. बहुतेक मेंढीचं असतं, कधी गाईगुरांचं. आपल्याकडे हिला जुना शब्द आहे तात. सारंगीच्या मुख्य तीन तारा तातीच्याच, बकऱ्याच्या आतड्याच्या, आणि गादीचा कापूस पिंजायला पिंजारी यायचा त्याच्या धनुकलीची ती 'टँव टँव' करणारी दोरी पण तातच. रॅकेटला तारा बसवण्याला आपण आजही 'गटिंग' म्हणतो ना, ते पण यावरूनच, आत आता नायलॉन असलं तरी.

म्हणजे पप्पांचा मांजराचा मुद्दा चूक, पण बाकीचा मुद्दा बरोबर आहे, प्राण्याचंच आहे ते. त्यात वाद घालू नकोस. जॅझमध्ये बोटांनी वाजवायला सिंथेटिक तारा उत्तम मिळतात आणि त्या लावल्याने तू काही दुय्यम माल वापरत नाहीयेस. क्लासिकल गिटारवाल्यांकडे बघ. दुसऱ्या महायुद्धात गटचा तुटवडा पडला, ऑपरेशनच्या टाक्यांना पण तोच धागा लागायचा, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा करून बघितल्या, सेगोव्हियासारख्या उस्तादाने त्या उचलून धरल्या, आणि त्यानंतर बहुतेक सगळं गिटारचं जग नायलॉनवर गेलं. बासवाले जरा मागासलेले म्हणून आम्ही अजून भांडतोय.

तुझ्यासाठी, वेटोळं असलेल्या सिंथेटिक गाभ्याच्या तारा, मध्यम ताणाच्या. विकत घेताना वर्णनात रेशमाचा गाभा लिहिलाय का तेही बघून घे, काही महागड्या तारांमध्ये असतो, आणि पप्पांना रेशीमही चालणार नाही असा माझा अंदाज. फक्त एक. बासचं लाकूड कशाने जोडलंय, तर बऱ्याचदा सरसाने, आणि सरस कशाचा असतो ते मी इथे लिहीत नाही. बो ला घोड्याचे केस असतात. शेजारच्या तबल्याची पुडी कशाची असते हा विषय तर जेवणाच्या टेबलावर काढूच नकोस.

प्रश्न: न्यू जर्सीत असतो. गटचा सेट आहे, साधी जी आणि डी, वार्निश नसलेल्या. हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की तारांना बारीक कुसळं फुटतात. बदलायच्या का?

लगेच नाही. कुसळ ओढायचं नाही, ओढलं की सालीसारखं लांबवर सोलत जातं. नखं कापायच्या कटरने तारेलगत कापायचं. मग फडक्यावर बदामाच्या तेलाचे दोन थेंब घेऊन तार हलकेच पुसायची, रात्रभर ठेवायची, सकाळी कोरड्या फडक्याने परत. महिन्यातून एकदा पुरे, आणि जिथे बो लागते तो भाग सोडून, नाहीतर रोझिन आणि तेलाचं पिठलं होतं. खोलीतली आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवा, ते तारांपेक्षा लाकडासाठी जास्त गरजेचं आहे, पाटी कोरडी पडून बसली की उंची खाली येते आणि तारा फिंगरबोर्डवर खरखरतात. भारतात आम्ही पावसाळ्यात चकत्या फिरवून तारा खाली आणतो, तुम्ही वर न्यायच्या. तारेत उभी चीर दिसली किंवा एकाच तारेवर वर वर जाताना सूर खोटे लागायला लागले, की मग मात्र बदला, ती ठिकठिकाणी असमान झाली असं समजा.

प्रश्न: नायलॉन लावलं आणि पिकअपमधून आवाजच येईना. वायर खराब?

पिकअप चुंबकाचा असेल. चुंबकाला लोखंड लागतं, नायलॉन आणि गट त्याला दिसतच नाहीत. ब्रिजमध्ये खोचायचा पिएझो पिकअप घ्या, तो लाकडाची कंपनं पकडतो. आणि अँपवर खालचा बेस आधी अर्ध्यावर आणा, नायलॉनवर तो फार घुमतो, शेजारचे आधी वॉचमनला पाठवतात, मग स्वतः येतात.